पेटी घेऊन ठाण्यात आठ दिवस

शनिवार

सकाळी साडेसहाला फाट्यावर उभा होतो तेव्हा तोंडातून वाफ निघत होती. एका हातात बाजाची पेटी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीत ताईसाठी हुरडा आणि बोरं.

पारनेर तालुक्यात नगर-कल्याण रस्त्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतकऱ्याची जळालेली मोटार आली की जुनी तार उपसायची, नवी भरायची, वार्निश मारून वाळवायची. आणि रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीत गाणं घ्यायचं. त्याला पगार नाही. ते पद आहे की नाही, हेही कुणी कधी सांगितलेलं नाही. आमच्याकडे पेटी ज्याच्या घरी तो गाणं घेणार असा रिवाज आहे, आणि पेटी वडिलांपासून आमच्या घरात आहे.

ठाण्याच्या एका मराठी मंडळीत गाणं घेणारे काका मुलीच्या बाळंतपणाला परगावी गेले. तिथले पाळकसाहेब मूळचे आमच्या भागातले. त्यांचा फोन आला, "प्रार्थना सप्ताहाला या. रोज संध्याकाळी एका घरी सभा, दोन्ही रविवारी उपासना. राहायला तुमची बहीण आहेच." पुतण्या म्हणाला, "काका, जानेवारीत कुणी दुकान सोडतं का?" त्याचं बरोबरच होतं. गव्हाला आणि कांद्याला पाणी द्यायचे दिवस, सगळ्या गावाच्या मोटारी एकदम चालू, व्होल्टेज पडतं, मोटार जास्त करंट ओढते आणि जळते. आमची दिवाळी ती हीच. तरी निघालो.

हा सप्ताह बाहेरून आलेला आहे असं मी बरीच वर्षं समजत होतो. पण त्याचं मूळ आपल्याच देशातलं. १८५७ च्या धामधुमीनंतर, १८५८ साली लुधियान्याच्या मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केलं, की वर्षाच्या सुरुवातीचा एक आठवडा सगळ्यांनी मिळून प्रार्थनेत घालवावा. पहिला सप्ताह जानेवारी १८६० मध्ये झाला. आमच्याकडे नाताळचा फराळ संपत आला की तो सुरू होतो. डब्याच्या तळाशी शंकरपाळ्यांचा चुरा उरलेला असतो, तो पहिल्या सभेच्या चहाबरोबर संपवायचा.

कंडक्टर भजनी निघाला. पेटी बघून म्हणाला, "वाजवणार असाल तर वर ठेवू नका, मांडीवर घ्या." माळशेज घाटात वाजवतो म्हटलं. घाट आला तेव्हा तो हिशेबात बुडालेला होता आणि मला वळणांनी मळमळत होतं. पावसाळ्यात इथं धबधब्याखाली भिजायला गर्दी होते. जानेवारीत नुसता काळा कोरडा कडा. मुरबाड सोडलं तसा मी स्वेटर काढला, कल्याणला मफलर. खोपटला उतरलो तर दाजी न्यायला आलेले, कानटोपी घालून. म्हणाले, "काय मेव्हणे, यंदा थंडी फार पडली आहे ना?" मी शर्टाच्या बाह्या खाली केल्या. पाहुण्यानं असं थोडं करावं लागतं.

रविवार

मंडळी एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. दीडएकशे माणूस. बहुतेकांची मुळं नगरकडे, राहुरी, शेवगाव, संगमनेर. ७२ च्या दुष्काळात आलेली घरं पुष्कळ. कुणी वागळे इस्टेटच्या कारखान्यात लागलं, कुणी दवाखान्यात. आता तिसरी पिढी आहे.

मी माझ्या नेहमीच्या पट्टीत, पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी 'सा' धरून, गाणं उचललं. ध्रुवपद सगळ्यांनी जोरात म्हटलं. अंतरा आला आणि हॉल ओस पडला. तबलेवाला, मी आणि मागे कुठेतरी एक पोरगा, एवढेच उरलो. मला वाटलं, गाणं ठाऊक नसेल. पुढचं गाणं असं घेतलं की जे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. तेच झालं. मी आणखी जोर लावला. मनात म्हटलं, शहरातली माणसं, थंडच असणार.

उपासना संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक म्हाताऱ्या बाई आल्या. निवृत्त नर्स, सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. पांढरी साडी, हातात स्टीलचा पेला.

"दादा, फार छान गायलात. आम्ही ऐकलं."

मी आभार मानले.

"गायला आलो होतो," त्या म्हणाल्या आणि बिस्किट बुडवलं.

दाजींनी घरी येईपर्यंत कळ काढली. मग जेवताना म्हणाले, "मेव्हणे, तुमच्या पट्टीला शिडी लागते."

त्यावर मी रात्रभर विचार केला. आमच्याकडे मंडळी म्हणजे पत्र्याचं छप्पर, दारं उघडी, बाहेर ट्रॅक्टर. माणसं आठवडाभर एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारणारी. तिथं पांढरी चार कुणाला उंच वाटत नाही. इथं दोन फुटांवरच्या माणसाशी बोलायची सवय, तेही शेजारी ऐकतील म्हणून जपून. पण मी घरून निघताना पट्टी बरोबर आणली, आणि ती सगळ्यांची आहे असं धरून चाललो.

सोमवार

वर्तकनगरात, ताईच्याच बिल्डिंगमध्ये सभा. मधली काळी धरून तीन पट्ट्या उतरलो आणि पांढरी दोन धरली. बायकांचा आवाज लगेच खुलला. माझाच खर्जात अडकला, तळाला गेलो की नुसता घोगरा वारा.

पेटीची काळी दोन दाबली की खालीच राहते, वर येत नाही. खाडीची हवा. लाकूड फुगलं असणार. आठवडाभर तिला चुकवत वाजवायचं.

मंगळवार

घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये बावीसाव्या मजल्यावर. रस्ताभर मेट्रोचे खांब आणि धूळ, रिक्षातच घसा धरला. गेटवरच्या रखवालदारानं मोबाइलवर आमची नोंद केली. कामाचं कारण निवडायच्या यादीत डिलिव्हरी, घरकाम, टॅक्सी, पाहुणे, रिपेअर एवढंच होतं. प्रार्थना नव्हती. पेटीकडे बघून त्यानं थोडा विचार केला आणि आम्हाला 'रिपेअर'मध्ये टाकलं. पाळकसाहेबांना हे इतकं आवडलं की त्यांनी त्या दिवसाचा संदेश तिथूनच सुरू केला.

घर तरुण जोडप्याचं. दोघंही कंपनीत. बैठकीच्या भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं अकरा दिवसांचं बाळ. शेजारीण स्वतः येऊन सांगून गेली, अगदी अवघडून, "तुमचं चालू द्या, फक्त ते वाजवायचं..." पेटी गप्प झाली. आम्ही सोळा माणसं स्वयंपाकघरात सरकलो. कुणी ओट्याला टेकून, कुणी वॉशिंग मशिनवर, सिस्टर गॅसच्या सिलिंडरशेजारी स्टुलावर.

कुजबुजत गाणं मी आयुष्यात घेतलं नव्हतं. माझा आवाज असा आहे की हळू गायलो तर सूर सुटतो. मोटारीसारखंच आहे ते, कमी व्होल्टेजवर चालवली की गरम होते आणि फिरत नाही. मी दोन ओळी गायलो, सूर सांडला आणि थांबलो. सिस्टरनी उचललं. पट्टी वगैरे काही विचारलं नाही. ओठ जेमतेम हलत होते. पण शब्द स्वच्छ आणि सूर सुतासारखा सरळ. पुढे चहा पिताना कळलं की चाळीस वर्षांची नाइट ड्यूटी त्यामागे आहे. वॉर्डात दिवे मालवल्यावर रात्री दोनला एखादं पोर रडायला लागलं, तर बाकीच्या तीस पेशंटना जाग न येऊ देता गायचं. "बेडवरच्या पोरापुरतं," त्या म्हणाल्या, "शेजारच्या बेडला ऐकू गेलं तर जास्त झालं."

फ्रीजची मोटर मधूनच सुरू व्हायची, तेवढा वेळ आम्ही जरा मोकळे गायचो. बाळ उठलं नाही. खाली उतरताना पेटी दुप्पट जड वाटली. दहा किलो नुसतीच फिरवून आणली होती.

बुधवार

आज नवी मुंबई. ठाण्याच्या नऊ नंबर फलाटावरून पनवेलची गाडी. संध्याकाळची गर्दी, पेटी घेऊन मालडब्यात चढलो. तिथं माशांच्या रिकाम्या टोपल्या, एक सायकल, आणि टोपलीवर बसून कणीस सोलणारी बाई. नव्या लोकलची मोटर सुटताना अशी चढते जणू कुणी सारेगम म्हणतंय. मी कान देऊन बसलो. दाजी म्हणाले, "लोक खिडकीतून खाडी बघतात, तुम्ही मोटर ऐका."

कोपरखैरणेत सिडकोच्या बैठ्या घरांची आळी, आता प्रत्येकावर मजले चढलेले. घर एका माथाडी कामगाराचं. बाजार समितीत बत्तीस वर्षं पाठीवर पोती वाहिलेला माणूस, पेटी माझ्या हातातून दोन बोटांनी काढून घेतली. पोरं मात्र सगळी शिकलेली, आणि आज गाणं त्यांचंच होतं. एक गिटारवाला, दोन गाणाऱ्या मुली आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल.

मुलं मराठी छान बोलतात, पण वाचत नाहीत. गाण्याचे शब्द मोबाइलवर रोमन अक्षरांत. त्या अक्षरांना 'ळ' कुठून येणार? एका भजनात भक्तांचा मेळा जमतो. पोरांनी मनापासून डोळे मिटून गायलं, "भक्तांचा मेला." दोनदा. माथाडी काकांनी माझ्याकडे बघितलं, मी पेटीच्या भात्याकडे. तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही. "अरे, जिवंत ठेवा रे त्यांना!" सगळी खोली हसली. मग अर्धा तास 'ळ'ची शिकवणी झाली. जीभ उलटी वळवून टाळूला लावायची, तिथून खाली आपटायची. एका मुलीनं पहिल्या फटक्यात केलं, कारण तिची आजी रोज 'बाळ' म्हणून हाक मारते.

मला या रोमन अक्षरांचा राग येतो. येऊ नये हेही कळतं. आपल्याकडे कृष्णराव सांगळे आणि ना. वा. टिळक या ख्रिस्ती कवींनी इंग्रजी चालींच्या मागे धावणाऱ्या मंडळीला अभंग, ओवी, कीर्तन दिलं. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि येताना तुकोबांची भाषा बरोबर आणली. ती भाषा आता 'ळ' टाकून चालली आहे, तर एखाद्या म्हाताऱ्याला चुटपुट लागणारच. मी अठ्ठेचाळीसचा आहे, पण या बाबतीत म्हातारा समजा. तरी गिटारवाल्या पोरानं जे केलं ते बघून गप्प बसलो. त्याच्या मोबाइलवर सूर मोजायचं यंत्र आहे. त्यात माझी पेटी नेहमीच्या सुरापेक्षा किंचित चढलेली निघाली. पन्नास वर्षांची पेटी, तिचे सूर कोण खाली आणणार! त्यानं काही न बोलता गिटारच्या सहाही तारा एकेक करून पेटीला मिळवल्या. एक तार तुटली तीही नवी चढवून मिळवली. आजची पोरं ऐकत नाहीत म्हणणाऱ्यांनी कोपरखैरणेला जावं.

गुरुवार

रात्री तिथंच राहिलो. सकाळी दाजींना फ्लेमिंगो दाखवायची हौस. ठाणे खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला, हे सगळं त्यांना पाठ. भरतीची वेळ तेवढी पाठ नव्हती. ऐरोलीला पोचलो तर पाणी तिवरांच्या गळ्यापर्यंत. रोहित पक्षी चिखलात चरतात, चिखलच बुडालेला. लांब क्षितिजावर कुणीतरी खडूनं ओढावी तशी एक गुलाबी रेघ दिसली. दाजी म्हणाले, "तेच ते." मी हो म्हटलं.

दुपारी ठाण्यात जुनी देवळं बघितली. आमच्या बोलण्यात चर्चला देऊळच म्हणतात, ताईही तसंच म्हणते. तलावपाळीच्या जवळ सेंट जॉन द बाप्टिस्टचं कॅथलिक देऊळ आहे, पोर्तुगीज काळातलं. तिथं दाजींनी चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंची हकिगत सांगितली. तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती १३२१ साली याच ठाण्यात मारले गेले. म्हणजे पोर्तुगीज यायच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधी. पुढे ओदोरिक नावाचा प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी बरोबर घेऊन पार चीनपर्यंत गेला. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसांना नुसतं पिशवीत घालून समुद्रापार नेणं, हे डोक्यातून जाईना.

पण माझा जीव अडकला तो सेंट जेम्सच्या देवळात. लहानसं, इंग्रज अमदानीतलं. त्याचं समर्पण १८२५ साली कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी केलं. मी दाजींना दोनदा विचारलं, "हेबर म्हणजे तोच का? 'पवित्र, पवित्र, पवित्र'वाला?" तोच. जगभर त्रैक्याच्या रविवारी म्हणतात ते गीत ज्यानं लिहिलं, तो माणूस इथं उभा राहिला होता. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८२६ मध्ये, तो त्रिचनापल्लीला वारला. त्याचं ते गीत छापलं गेलं ते तो गेल्यावर.

भाचीनं मोबाइलवर आणखी शोधून काढलं. आपण ज्या चालीत हे गीत म्हणतो ती चाल जॉन डाइक्सची, १८६१ ची. म्हणजे हेबरनं ती कधी ऐकलीच नाही. ती ऐकायला त्याला आणखी पस्तीस वर्षं जगावं लागलं असतं. आज एखाद्या मंडळीत त्याला आणून बसवलं तर शब्द ओळखेल, गाणं ओळखणार नाही. आणि भाचीला सापडलेल्या नोटेशनवर पट्टी होती डी. मी पेटीवर बोटं मोजली. डी म्हणजे पांढरी दोन. सोमवारी मी जिथं उतरलो तिथंच छापणारे लोक आधीच जाऊन बसले होते.

संध्याकाळची सभा माजिवड्याला, लवकर आटोपली. मामलेदारची मिसळ खायची राहिली, ही या दिवसाची एकच तक्रार.

शुक्रवार

कळव्याला गेलो. सभा नव्हे, भेट. पाळकसाहेब, सिस्टर, दाजी आणि मी. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आलेला माणूस, वय पासष्ट. उजवी बाजू गेली, आणि वाचा. पूर्वी ते मंडळीत गायचे, असं पाळकसाहेबांनी रिक्षात सांगितलं.

दारातच काकूंनी पाळकसाहेबांना बाजूला घेतलं. बोलणं कानावर पडलंच. "साहेब, आधीच सांगते. यांना आता दोनच शब्द येतात. एक 'हो'. आणि दुसरी शिवी आहे. मुद्दाम देत नाहीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." सिस्टर म्हणाल्या, "असं असतं. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात. त्या लवकर जात नाहीत."

काका खिडकीशी खुर्चीत. डोळे लख्ख. आम्हाला बघून आनंद झाला तो त्यांनी दुसऱ्या शब्दात सांगितला. पाळकसाहेबांनी हात हातात घेतला आणि म्हणाले, "जय ख्रिस्त, काका, मलाही बरं वाटलं." मग वचन वाचलं, प्रार्थना केली. शेवटी आम्ही सगळे आमेन म्हणालो. काकांनीही म्हटलं, म्हणजे त्यांच्याकडे जो शब्द होता तो म्हटला, ठासून. काकूंनी पदर तोंडाला लावला. सिस्टरचे खांदे हलत होते. पाळकसाहेब गंभीर राहिले, त्यांचं मला कौतुक वाटतं. मी पेटीच्या खटक्यांशी चाळा करत खाली बघत राहिलो.

मग गाणं. नगरकडचं जुनं भजन घेतलं, पांढरी दोनमध्ये. ध्रुवपदाची पहिली ओळ मी म्हटली आणि दुसरी म्हणायला श्वास घेतला, तेवढ्यात ती कुणीतरी म्हटली. जाड, खोल, जरा घासलेला आवाज. शब्द पूर्ण. काकूंच्या हातातला ट्रे खाली ठेवल्याचा आवाज झाला.

काका गात होते. 'हो' आणि शिवी एवढंच येणारा माणूस अंतरा म्हणत होता, मला न आठवणारी तिसरी ओळ म्हणत होता. सिस्टरनी नंतर समजावलं, की बोलणं बहुतेकांचं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्याला उजवी बाजूही लागते. डावीकडची तार जळाली तरी पाठ असलेलं गाणं दुसरीकडून वाट काढतं. तार जळणं मला समजतं. पण एका बाजूची भरणी जळालेली मोटार अशी फिरताना मी तरी पाहिली नव्हती.

पण अडचण निराळीच झाली. काका माझ्या पट्टीत नव्हते. मी काळी एक लावून बघितली, ते तिच्यापेक्षा वर. पांढरी दोन, तर तिच्यापेक्षा खाली. दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत त्यांचा सूर बसलेला, आणि तिथून तसूभर हलत नव्हता. त्या फटीत पेटीवर काहीही नाही, नुसतं लाकूड. मी पट्टी धरली की त्यांचा सूर आणि पेटीचा सूर एकमेकांवर घासून खोलीत थरथर व्हायची. काका कपाळाला आठ्या घालून थांबायचे. तीन वेळा असं झालं. चौथ्यांदा मी भाता सोडला, पेटीचं झाकण लावलं आणि नुसता त्यांच्या मागून गायलो. घसा असल्यामुळे त्या फटीत मला जाता आलं. सिस्टर आणि दाजीही आले. तिन्ही अंतरे झाले. शेवटच्या ओळीला काकांनी डावा हात उचलून सम दिली.

गाणं संपल्यावर काकूंनी घाईघाईनं विचारलं, "अहो, पाणी देऊ?" काका म्हणाले, "हो." मग बराच वेळ शोधून काही बोलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा तीच शिवी आली. ते स्वतःच हसले.

"आठ महिने," काकू म्हणाल्या. "घरात कुणी गायलंच नाही ना. यांचं असं झालेलं, त्यात गाणं कुठलं." मग डोळे पुसून नवऱ्याकडे बघितलं. "आता भाजीत मीठ कमी झालं तर गाऊन सांगा. शिवी नको."

सिस्टरनी निघताना त्यांना पत्ता लिहून दिला. बोलणं परत शिकवणारे तज्ज्ञ असतात, त्यांच्याकडे गाण्यातून शब्द काढायची पद्धत आहे. रोज दहा मिनिटं बसायला लागेल, आणि घाई केली तर जमणार नाही, असंही बजावलं. लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही. खाली आल्यावर दाजी म्हणाले, "चहा घेऊ या." घेतला.

शनिवार

रविवारच्या उपासनेसाठी तरुण संघाबरोबर तालीम. कीबोर्डवर बसलेल्या मुलीनं पांढरी दोन दिली, मी गाणं उचललं आणि टाचा उंचावल्या तरी सूर हाताला येईना. मला वाटलं घोडबंदरच्या धुळीनं आवाज गेला. तिलाही कळेना. तबलेवाल्यानं शोधून काढलं. आदल्या आठवड्यात कुणीतरी ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी सरकवायचं बटण, तीनानं वर चढवून ठेवलेलं, तसंच राहिलेलं. दोन दाबली की चार बोलत होती. मी म्हटलं, हे यंत्र माझ्यासारखंच आहे.

रात्री झोप येईना. ताईच्या खिडकीखाली सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर आहे. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकाव्यांची, ट्रान्सफॉर्मरचं लोखंड त्याच्या दुप्पट थरथरतं, म्हणजे शंभर. तो सूर पेटीवर शोधला तर पांढरी पाच, जरा चढलेली. आमच्या दुकानामागचा ट्रान्सफॉर्मरही हाच सूर धरतो. २०१३ च्या शेवटच्या दिवशी दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाला जोडली गेली, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच सुरात. कुणी सूर दिला, कुणाला विचारून दिला, काही नाही. ताई उठून आली. "काय रे, बरं नाही का?" म्हटलं, ऐकतोय. तिनं खिडकी लावली.

रविवार आणि सोमवार सकाळ

प्रभुभोजनाची उपासना होती. पहिल्या गाण्याला मी पट्टी धरून बसलो आणि सिस्टरकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, अजून खाली. काळी एकवर गेलो. गाणं चाललं. 'पवित्र, पवित्र' घेतलं तेव्हा हेबर ठाण्यात येऊन गेल्याचं पाळकसाहेबांनी सांगितलं, आणि मागच्या बाकावरचे माथाडी काका मोठ्यानं "ठाण्यात?" म्हणाले. कोपरखैरण्याची पोरं आली होती. मेळा जिवंत होता.

कळव्याच्या काकूंचा निरोप होता. काल त्यांनी काकांना पूर्ण भजन म्हणायला लावलं. मधेच फोन वाजला आणि काका अडले, तर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू करावं लागलं. मधून उचलता येत नाही.

सोमवारी पहाटे खोपटहून गाडी. मुरबाडपर्यंत पेंगलो. घाट चढून ओतूरला गाडी चहासाठी थांबली, तेव्हा थंडी पायजम्यातून आत शिरली. पुतण्याचा फोन आला. दुकानात सात मोटारी येऊन पडल्यात, साडेसात हॉर्सपॉवरच्या एका मोटारीच्या मालकानं दोनदा दारात येऊन आवाज चढवला. पोचतो म्हटलं. गाडी सुटायला वेळ होता म्हणून पेटी उघडून काळी दोन दाबली. खाली गेली, सोडली, टक्कन वर आली.